भरून परत आलेले डबे

"वहिनी, दिवाळी दुसऱ्याच्या पैशानं फार गोड लागते." असं मला एक किराणा दुकानदार भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानही राहिलं नाही. पण ते वाक्य मी सोडलेलं नाही. मुलं म्हणतात, आई, किती वर्षं धरून बसणार? मी म्हणते, तुम्हाला म्हटलं नव्हतं ना कुणी, मग तुम्हाला काय कळणार.

तरीही त्या दिवाळीची आठवण निघाली की मला आधी राग येत नाही. आधी आठवतात ते डबे.

आम्ही जुन्नरकडचे. लग्न झाल्यावर हे पिंपरीला एका इंजिनिअरिंग कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि रेल्वेलाइनच्या पलीकडे एका चाळीत आम्ही दोन खोल्या घेतल्या. यांच्या खात्यातली दोन पोरं एकटी राहायची, बाहेरचं खाऊन पोट बिघडवून घ्यायची. हे एकदा त्यांना जेवायला घेऊन आले. जेवण झाल्यावर त्यातला एक म्हणाला, "ताई, पैसे घ्या, पण रोज घाला." मी म्हणाले, "दोघांसाठी चूल पेटवायला मला परवडत नाही. आणखी चार आणा." त्यांनी आणले. तीन-चार वर्षांत चौदा झाले.

चौदा माणसांची खानावळ दोन खोल्यांत चालवायची तर जीभ लागते. माझी होती. मंडईत मी संध्याकाळी, भाजीवाले आवरायला लागले की जायची. मला लांबून पाहून एक म्हातारा भाजीवाला शेजारच्याला म्हणायचा, "आली बघ. वांगी झाक." झाकून काय होणार? मी उरलेल्या सगळ्या वांग्यांचा एक भाव ठरवायची आणि त्यालाच टोपली उचलू लागायची. भुशाची शेगडी, भुसा, रॉकेल, विळीला धार लावून देणारा, कुणालाही मी पहिल्या भावाला पैसे दिलेले नाहीत. संताप मात्र लवकर यायचा. सौदा फिसकटला की तो संतापानंच.

पोरांचा हिशेब महिन्याचा. कंपनीचा पगार झाला की ते मला द्यायचे आणि मी किराणावाल्याला द्यायची. महिनाभर माल उधारीवर. त्यात मला कमीपणा वाटत नव्हता. सगळी वस्ती तशीच जगत होती.

त्या वर्षी बोनस बरा झाला. पोरं खूश होती. कंपनीच्या गेटवर सायकलवरून साड्या विकायला येणारा एक कापडवाला होता. त्याच्याकडून कुणी आईला लुगडं, कुणी बहिणीला साडी हप्त्यावर उचलली. वर कंपनीची सणाची उचल होतीच, पुढं पगारातून कापून जाणारी. फाउंड्रीत काम करणारा एक उस्मानाबादकडचा पोरगा होता, दिसायला आडदांड, बोलायला त्याहून. जेवता जेवता तो म्हणाला, "मायला लुगडं घेतलं ताई. पण गावात गेल्यावर चार बाया तोंडाकडं बघतेत. पुण्याकडून आलाव आणि तोंडात घालायला काहीच नाही?"

मला ते पटलं आणि त्यात धंदाही दिसला. मी म्हणाले, "फराळ मी करून देते. प्रत्येकाला एकेक डबा. जे पैसे होतील ते खात्यावर लावीन." सगळे तयार झाले. भंगारवाल्याकडून मी वनस्पती तुपाचे रिकामे डबे घासाघीस करून आणले, राखेनं आणि कढत पाण्यानं घासले, उन्हात वाळवले. चार दिवस मी आणि शेजारच्या दोघीजणी लाडू, चिवडा, चकल्या करत होतो. चाळीभर तुपाचा वास. त्याच दिवाळीला माझ्या सासरची माणसं कंपन्यांची रोषणाई बघायला म्हणून आली. मला दाखवायचं होतं की आम्ही इथं नीट आहोत. हात मी जरा मोकळाच सोडला. नणंदेला साडी घेतली, त्यात साठवलेलं गेलं. पाहुण्यांचं गोडधोड झालं, ते सगळं किराणावाल्याच्या उधारीत चढलं. महिन्याच्या जेवणाचा माल, फराळाचा माल आणि पाहुण्यांचा माल, असा तिहेरी डोंगर.

मी घाबरले नव्हते. पगार झाला की पोरं देतील, माझा धंदा आहेच. चार महिने जरा ओढून धरू.

भाऊबीज झाली, पाहुणे गेले. गुरुवारी कंपनीची सुट्टी, त्या संध्याकाळपासून पोरं गावाहून परतणार होती. ज्वारी आणि डाळ सांगायला मी दुकानात गेले. पाडव्याला दुकानदाराच्या नव्या वह्यांची पूजा झालेली, कपाटावर अजून झेंडूची माळ होती. मी नेहमीसारखा माल सांगितला. त्यानं माल काढणाऱ्या पोराला थांबवलं.

"वहिनी, आधीचं बघू का जरा?"

"पगार झाला की देते की. कधी बुडवलंय का मी?"

"बुडवलंय असं कुठं म्हणतोय? पण नव्या वर्षाची नवी वही घातली, आणि पहिल्याच पानावर तुमची एवढी बाकी ओढून आणायची म्हणजे बरं दिसत नाही." मग तो दुकानातल्या बाकीच्यांकडे बघून हसला आणि ते वाक्य बोलला. दुसऱ्याच्या पैशानं दिवाळी गोड लागते.

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "शेठ, त्रिपुरी पौर्णिमेच्या आत तुमची पै न पै आणून टाकते. आणि त्यानंतर तुमच्या दुकानाची पायरी चढले तर नाव बदला माझं."

"अहो, एवढं चिडायला काय झालं?"

"माल नको मला." मी पिशवी उचलली आणि निघून आले.

घरी हे अंघोळीचं पाणी काढत होते. झालेलं सगळं मी एका दमात सांगितलं. यांनी शांतपणे विचारलं, "पौर्णिमेच्या आत सगळं देते म्हणालीस?"

"म्हणाले."

"पगार पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आहे. त्यातून देता येईल, पोरांनी सगळ्यांनी पूर्ण दिलं तर. पण तोवर चौदा माणसं काय खाणार?"

हे मी दुकानात धरलंच नव्हतं. संतापात माणूस शेवटच्या तारखेचा विचार करतो, मधल्या दिवसांचा करत नाही. घरात पिठाचे दोन डबे, थोडी तूरडाळ आणि दिवाळीतला उरलेला रवा. दुसऱ्या दुकानात मला उधार कोण देणार? रोखीनं घ्यायला पैसे नाहीत. आणि खानावळ दोन आठवडे बंद ठेवली तर पोरं उपाशी थोडीच राहणार? स्टेशनकडे दुसरी खानावळ होती. एकदा खानावळ बदललेला माणूस परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. कारण तिथली तीन पोरं मीच फोडून आणली होती.

म्हणजे बाकी फेडायची तर खानावळ चालायला हवी, आणि खानावळ चालवायची तर त्याच दुकानदाराच्या पायरीवर जाऊन हात जोडायला हवेत. मी ठरवलं, हात जोडायचे नाहीत. पोरं आली की प्रत्येकाकडून आगाऊ काहीतरी वसूल करायचं. जो देणार नाही त्यानं खुशाल स्टेशनवर जावं. दारात उंबऱ्यावर बसूनच राहिले मी.

पहिला आला तो मावळातला टर्नर. त्याच्या घरची थोडी भातशेती होती. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्यावर पोतं, आणि बोटात माझा पत्र्याचा डबा. मी तोंड उघडायच्या आत त्यानं पोतं आत नेऊन भिंतीला टेकवलं.

"हे काय?"

"तांदूळ हाय. औंदाचा नवा. आणि डब्यात हुलगं हायेत. आईनं दिलंय."

"कशाला?"

तो माझ्याकडे खुळ्यासारखा बघत राहिला. "डबा रिकामा कसा पाठवायचा ताई?"

नव्या पिकातलं आधी थोडं आपल्या माणसांना पाठवायचं, त्याला आमच्याकडे वानवळा म्हणतात. ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण वानवळा ओंजळभर असतो. हे अर्धं पोतं होतं. माझं डोकं लगेच हिशेबाला लागलं. हा तांदूळ याच्या जेवणाच्या पैशात वळता केला, तर मला उधारीही नको आणि याच्याकडे आगाऊही मागायला नको. मी म्हणाले, "बरं झालं आणलास. भाव काय लावू?"

"भाव?"

"मंडईत नवा तांदूळ काय दरानं चाललाय ते मला माहीत आहे. तुला त्याहून चार आणे जास्त लावते. महिन्याच्या पैशातून वजा करू."

"न्हाई ताई. आईनं सांगितलंय, भाव विचारला तर परत घिऊन ये."

"मी फुकटचं घेत नसते."

"मग आमी तरी फुकट कुठं घेतलं? तुमी डबा भरून दिला, आईनं डबा भरून दिला."

"अरे बाबा, त्या डब्याचे पैसे मी तुझ्या खात्यावर लावलेत. तुला माहीत आहे की."

त्यानं चपला काढल्या, खाली बसला आणि अंगठ्यानं जमीन उकरू लागला. "आईला न्हाई सांगितलं ते," तो म्हणाला. "ती डबा घिऊन समद्या आळीत गेली व्हती. म्हनत व्हती, माझ्या लेकाला तिकडं बहीन भेटली. मग मी काय सांगू?"

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. फराळाचे पैसे लावले ते चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. रवा, साखर, तूप मला कुणी फुकट दिलं नव्हतं. पण मावळातल्या एका घरात एक बाई मला तिच्या लेकाची बहीण समजून अर्धं पोतं तांदूळ न मोजता पाठवते, तिला मी दर कसला लावू?

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी एकेक करत सगळे आले, आणि सगळ्यांच्या हातात डबे. कुणीही ठरवून आलेलं नव्हतं. घरोघरच्या आयांना एकच गोष्ट ठाऊक होती, भरून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही. रत्नागिरीकडच्या एकानं सुके बोंबील आणि कोकमं आणली. चाकणकडच्यानं कांदा-बटाट्याचं पोतं एस.टी.च्या टपावर टाकून आणलं. कुणी गुळाची ढेप, कुणी शेंगदाणे, कुणी बाजरी. चौदातल्या सगळ्यांच्याच घरी सुबत्ता होती असं नाही. एकाच्या डब्यात नुसती घरची चिंच होती आणि तीही चांगली दाबून भरलेली.

सगळ्यात शेवटी फाउंड्रीवाला आला. रात्रभर बसमध्ये उभा राहून आलेला, डोळे लाल. त्यानं ज्वारीचं पोतं दारातच आदळलं, वर डबा ठेवला. डब्यात तूरडाळ होती.

"मायनं पाठवलंय. म्हणली, ताईला म्हणावं चकली जरा मऊ पडली होती."

"तुझ्या गावापर्यंत जाईस्तोवर मऊ पडणारच. तोंडाकडं बघणाऱ्या बायांनी खाल्ली का नाही?"

"खाल्ली की. एक उरली नाही."

"मग झालं तर."

जेवायला सगळे बसल्यावर मी त्यांना सरळ सांगितलं. दुकानात काय झालं, मी काय बोलून आले, सगळं. आणि म्हणाले, "तुम्ही भाव घेत नाही म्हणता, तर माझंही ऐका. फराळाचे पैसे मी खात्यावरून काढून टाकते."

"तसं नाही चालायचं," फाउंड्रीवाला म्हणाला. "खाल्लंय ते खाल्लंय."

"मी काढले म्हणजे काढले."

"मग आम्ही स्टेशनवर जातो जेवायला."

"जा. तिथं वरणात डाळ शोधायला भिंग घेऊन जा."

सगळे हसले. पण तो हटेना आणि मीही हटेना. आयुष्यभर मी भाव पाडण्यासाठी भांडले. त्या दिवशी मी पैसे सोडण्यासाठी भांडत होते आणि समोरचे देण्यासाठी. असा उलटा सौदा मला जमेना. शेवटी हे मधे पडले. एरवी हे माझ्या व्यवहारात बोलत नसत. म्हणाले, "फराळाचे पैसे सुटले. पण या वेळी पगार झाला की कुणी अर्धे देतो, उरलेले पुढच्या महिन्यात, असं म्हणायचं नाही. आधी ताईचे पूर्ण, मग बाकीच्यांचे. कबूल?"

मावळातला म्हणाला, "व्हय. कबूल." फाउंड्रीवाल्यानं ताटातली भाकरी मोडली, म्हणजे त्यालाही कबूल.

मग पगारापर्यंतचे सगळे दिवस आमच्या खानावळीत रोज वेगळ्या मुलखाचं जेवण झालं. एक दिवस ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, एक दिवस हुलग्याचं माडगं आणि भात, एक दिवस बोंबलाचं कालवण. जे बोंबील खात नव्हते त्यांना चिंचेची आमटी. शिफ्टवरून आल्यावर पोरं हातपाय धुता धुता विचारायची, "ताई, आज कुणाच्या आईचं?" मी सांगायची, आज रत्नागिरीच्या, आज मावळातल्या. ज्याच्या घरचं असे तो त्या दिवशी वाढायला उभा राहायचा आणि दुसऱ्यांना म्हणायचा, घे रे, लाजू नको. तसं जेवण मी त्याआधी कधी वाढलं नव्हतं.

पगाराच्या दिवशी सगळे आले. उचल कापून प्रत्येकाच्या हातात नेहमीपेक्षा कमीच पडलं होतं. तरी एकानंही हात आखडला नाही. मी पैसे पदरात बांधते आहे तोच चाळीच्या तोंडाशी आरडाओरड ऐकू आली. सायकलवाला कापडवाला.

"ताई, तुमची सगळी पोरं आज मागच्या गेटानं पळाली. मी पुढच्या गेटावर उन्हात उभा!"

पोरं माझ्या पाठीमागे आत दडली. मला हसू आलं, पण तोंडावर दाखवलं नाही. मी त्याला पाणी दिलं आणि ओट्यावर बसवलं. म्हणाले, "किती हप्ते ठरले होते?" त्यानं सांगितलं. मी म्हणाले, "ते वाढवा. दर महिन्याला निम्मं घ्या. मी स्वतः गोळा करून ठेवते, तुम्हाला गेटवर उभं राहायला नको, मागच्या गेटाची भीती नको."

"पण मग माझं व्याज?"

"गेटवर उभं राहण्यात तुमचा जो दिवस मोडतो त्याचं काय? त्या दिवसात पाच साड्या जास्त विका."

तो कुरकुरला, मग मी दिलेला चहा प्यायला, मग कबूल झाला. त्या दिवसापासून त्या चौदाजणांची देणीघेणी मी बोलू लागले. कंपनीतल्या पतसोसायटीचा कारकून असो की खोलीमालक, पोरं म्हणायची, ताईंना विचारा. माझी जीभ पहिल्यांदा दुसऱ्यांसाठी कामाला आली.

पौर्णिमेला मी दुकानात गेले. संध्याकाळी मुद्दाम, गिऱ्हाइकं असताना. पोरांचे पैसे आणि त्यात यांच्या पगारातले थोडे घालून सगळी बाकी फळीवर ठेवली. त्यानं पैसे मोजले, वहीत रेघ मारली आणि हसून म्हणाला, "वहिनी, मी गमतीनं बोललो होतो त्या दिवशी. तुम्ही मनाला लावून घेतलं. सांगा, काय काय पाठवू?"

"काही नको."

"अहो, चौदा माणसं आहेत घरात."

"आहेत. त्यांची मला काळजी आहे."

मी पायरी उतरले ती उतरलेच. दुसऱ्या आठवड्यात चाकणच्या बाजारात गेले. ज्याच्या घरून कांद्याचं पोतं आलं होतं त्याचे वडील तिथं भेटले आणि त्यांनी माझी धान्याच्या दोन आडत्यांशी गाठ घालून दिली. रोखीनं, पोत्यानं माल केवढ्याला पडतो ते बघून दुकानदार माझ्याकडून किती काढत होता हे मला तिथं कळलं. ते कळल्यावर राग दुप्पट झाला. पण घरखर्च हलका झाला, हेही खरं. चौदाचे चाळीस झाले. पुढं भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात चहा-नाश्त्याचं काम मिळालं, मग दुसऱ्याचं. आज आमचं जे काही आहे ते त्या पंधरवड्यात सांभाळलं गेलं, आणि सांभाळलं ते मी एकटीनं नव्हे.

त्यानंतर दर दिवाळीला डबे जायचे आणि भरून यायचे. फराळाचे पैसे मी पुन्हा कधी लावले नाहीत. जेवणाचे मात्र वेळच्या वेळी आणि पूर्ण घेतले. त्यात मी कुणाला सूट दिली नाही. एक सोडून.

दोन-तीन वर्षांनी फाउंड्रीवाल्याची आई पिंपरीला आली. लेकाची खोली, कंपनीचं गेट बघून झालं आणि संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला आली. बारीक, काळीसावळी, लेकाच्या निम्म्या उंचीची बाई. हातात तोच डबा. तिनं आधी स्वयंपाकघरात येऊन पिठात हात घालून बघितला, मग पाटावर बसली. भाकरी मोडून बघितली, आमटी चाखली. जेवण झाल्यावर हात धुऊन माझ्यासमोर बसली आणि विचारलं, "माझ्या लेकराला महिन्याचे किती लावता?"

मी सांगितले.

"लई होतेत."

"मावशी, भाव बघा की कुठं गेलेत."

"ते बघितलेत. लई होतेत." आणि तिनं एक आकडा सांगितला.

लेक मागे उभा होता. तो शरमून म्हणाला, "माय, ताईंशी भाव करत नसतेत." पण ती माझ्याकडेच बघत होती, डबा मांडीवर घेऊन, अगदी मी मंडईत सौद्याला बसते तशी. मला बोलायला पुष्कळ होतं. रॉकेलचा दर होता, भुशाचा होता, तिचा लेक किती भाकऱ्या खातो तेही होतं.

ती गेल्यावर यांनी विचारलं, "कितीला तुटला सौदा?"

मी म्हणाले, "ती म्हणाली तेवढ्याला."